रोज एक पुडी

अमळनेरजवळच्या खेड्यातले आप्पा, वय ७३. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तो रिकाम्या पुड्यांची पिशवी हातात धरूनच. "ताई, व्हिटॅमिन डी कमी असलं की माणूस विसरतो ना? मी रोज देतोय, तरी आप्पांचं विसरणं वाढतच चाललंय."

हा प्रश्न माझ्याकडे नेहमीचा. पण 'रोज' ऐकून मी थबकले. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे लिहिली होती. घरात ती तीन महिने रोज दिली गेली. आप्पांना सारखी तहान, सारखी लघवी, पोट साफ नाही, अन् बोलता बोलता भान सुटायचं.

औषध बंद-चालू करणं माझं काम नाही. त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवलं. रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं. हे जीवनसत्त्व अति झालं की कॅल्शियम चढतं, त्यानं मेंदू गोंधळतो, मूत्रपिंडालाही इजा होते. शिवाय ते चरबीत साठतं, म्हणून पुड्या थांबवल्या तरी उतरायला वेळ लागतो. मुलगा माझ्यासमोर रडला. मला त्याला रागावता आलं नाही.

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत हे जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी सापडतं, हे खरंच. पण ज्याची याद जाते त्याचं घराबाहेर पडणंही कमी होतं, मग ऊन कुठून लागणार? आपल्याकडे तर एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर. धडधाकट माणूसही रुमाल गुंडाळून फिरतो. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत साठीपुढच्या काही हजार लोकांची स्मरणशक्ती तपासली. रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी घेऊनही दोन-तीन वर्षांत तिची घसरण मंदावली नाही. कमतरता असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी ती जरूर भरून काढावी, डॉक्टर सांगतील तेवढीच.

कॅल्शियम उतरल्यावर आप्पा पुष्कळ सावरले. तरी थोडं विसरणं राहिलंच. दुसऱ्या भेटीत मी मुलाला बाहेर बसवलं अन् आप्पांच्या जवळ सरकून, सावकाश बोलले. तेव्हा ते म्हणाले, "माले ऐकूच येत नही ताई, ते ध्यानात काय ठेवू?"

दोन वर्षांपूर्वी आजी, आप्पांच्या पत्नी, गेल्या. कानाशी येऊन बोलणारं तेच एक माणूस होतं. आता श्रवणयंत्र लागलंय, बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं त्याचे उपचार चालू आहेत, सकाळी ते शेजाऱ्यांसोबत ओट्यावर बसतात. स्मरणशक्तीची चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची आहे.