परगावाहून पेढीचा हिशेब

प्रश्न : सांगलीत आमची हळदीची पेढी आहे. वडील व्यवहारासाठी इरोड, निजामाबादला जातात आणि मुक्कामाच्या लॉजवरून लॅपटॉपवर पेढीच्या संगणकातली टॅली पाहतात. संगणकवाल्याने राउटरवर 3389 क्रमांकाचे पोर्ट उघडून ही सोय केली आहे. हे सुरक्षित आहे का? वडिलांना यातले तांत्रिक काही कळत नाही. त्यांना झेपेल असा दुसरा मार्ग कोणता? – एक वाचक, सांगली

उत्तर : हे सुरक्षित नाही, ते पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे दार, आजच बंद करून घ्यावे. 3389 हे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावर चालवण्याच्या सोयीचे, ठरलेले पोर्ट असल्यामुळे ते कुठे उघडे आहे हे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात आणि सापडताच पासवर्ड ओळखण्याचा सपाटा सुरू होतो. 2019 मध्ये उजेडात आलेल्या ‘ब्लूकीप’ या त्रुटीला तर पासवर्डचीही गरज नव्हती. तेव्हा मायक्रोसॉफ्टला मोडीत काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती द्यावी लागली होती. पोर्टचा क्रमांक बदलून भागेल, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये.

योग्य मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटमधून पेढीपर्यंत जाणाऱ्या कुलूपबंद खासगी वाटेचा आहे. मात्र जाहिरातींत दिसणारी मासिक वर्गणीची व्हीपीएन सेवा येथे बहुधा निरुपयोगी ठरेल, कारण ती तुम्हाला त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेते, पेढीपर्यंत नाही. पेढीच्या राउटरवरच वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार बसवून घ्यावा. अनेक नव्या राउटरांत तो असतोच. त्यालाही एक पोर्ट लागते, पण ज्याच्याकडे किल्ली (ओळख पटवणारा गुप्त संकेत) नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधणाऱ्यांना तेथे काही असल्याचा पत्ताही लागत नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो पत्ता इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांत मिळून वापरलेला असतो. मग बाहेरून थेट जोडणी होणार नाही आणि दोन्ही टोके स्वतः जोडून देणारी टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा घ्यावी लागेल. तुमचे सध्याचे पोर्ट बाहेरून चालते आहे, त्याअर्थी तूर्त ही अडचण दिसत नाही.

सर्वाधिक घोळ होतो तो आतल्या पत्त्यांचा, म्हणजे राउटर आपल्या संगणकांना देतो त्या क्रमांकांचा. पेढीचे नेटवर्क 192.168.1 ने सुरू होत असेल आणि लॉजचेही तसेच निघाले, तर व्हीपीएन जोडलेले दिसूनही टॅलीचा संगणक सापडत नाही, आणि परगावी बसलेल्या माणसाला याचे कारण कळणे अशक्य असते. म्हणून पेढीचे पत्ते आधीच 192.168.57 अशा आडवळणी आकड्यावर न्यावेत. व्हीपीएनमधून केवळ पेढीकडची वाहतूक जाईल अशी मांडणी करावी, म्हणजे लॉजच्या वाय-फायचे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान अडणार नाही. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ मांडणीत असते. तीही पाहून घ्यावी.

वडिलांसाठी एवढाच क्रम उरावा : वाय-फाय, व्हीपीएनचे बटण, रिमोट डेस्कटॉपचे चिन्ह. तो मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवावा. निघण्यापूर्वी घरी, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, त्यांना स्वतःच्या हाताने सगळे करू द्यावे. तुम्ही फक्त पाहावे, कारण पेढीच्याच वाय-फायवर केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. लॅपटॉप आणि फोन यांना वेगवेगळ्या किल्ल्या द्याव्यात, म्हणजे प्रवासात लॅपटॉप हरवला तर तेवढी एक किल्ली राउटरवरून काढून टाकता येते आणि फोनवरून काम चालू राहते.