युरोपला मशीन पाठवायचं तर नवीन मशिनरी नियम आणि सायबर सुरक्षेची तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय, कोल्हापुरात एसपीएमचा, म्हणजे एकाच ठरावीक कामासाठी बनवलेल्या खास मशीनचा, कारखाना आहे, जर्मनीची ऑर्डर आहे, सीईचा, म्हणजे युरोपात मशीन विकायला लागणाऱ्या खुणेचा, कन्सल्टंट धरला की भागेल का. नाही भागणार. कन्सल्टंट फाईल करून देईल, पॅनेलमधला राउटर तो उघडून बघणार नाही.

मी आणि थोरला भाऊ शिरोलीत ड्रिलिंगची एसपीएम बनवतो. २०१८ साली एका कारखान्याला मशीन दिलं, सर्व्हिससाठी पॅनेलमध्ये सिमकार्डचा राउटर बसवून. आमच्या सगळ्या मशीनना पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) एकच, पासवर्डही एकच. दादा म्हणायचा, लक्षात ठेवायला सोपं. एका संध्याकाळी आमच्या कामावरच्या पोरानं लांबून त्या मशीनचा फॉल्ट बघितला आणि कनेक्शन तसंच राहिलं. मग आमच्या शॉपमधल्या नव्या मशीनची ट्रायल घेताना त्यानं जॉब धरणाऱ्या क्लॅम्पचा आउटपुट फोर्स केला, म्हणजे प्रोग्रॅमला बाजूला ठेवून थेट चालू केला. समोरचा क्लॅम्प जागचा हलला नाही. जुनं कनेक्शन चालूच, आयपी-पासवर्ड तोच, म्हणून हलला तो गोकुळ शिरगावातल्या त्या मशीनचा, आणि तिथले ऑपरेटर मामा तेव्हा जॉब बसवत होते.

मी पोचलो तोवर त्यांना दवाखान्यात नेलं होतं. हातमोज्याचं एक बोट क्लॅम्पखाली तसंच अडकलेलं होतं. ते काढायला पुन्हा पंप चालू करावा लागला. मामांचं मधलं बोट पेरापासून गेलं.

दार उघडं होतं, मग क्लॅम्प चाललाच कसा? दाराचा लिमिट स्विच आम्ही नुसता पीएलसीच्या इनपुटला दिला होता. आउटपुट फोर्स केला की लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, त्या स्विचला विचारतच नाही. सेफ्टी रिले, म्हणजे पीएलसीला न विचारता वीज तोडणारं वेगळं उपकरण, असता तर दार उघडताच व्हॉल्व्हची सप्लाय तुटली असती. तो रिले कोटेशनमधून दादानंच काढला होता. आणि वर्षानुवर्षं त्याचं एकच, मामांनी बघून हात घालायला पाहिजे होता.

युरोपचं मशिनरी रेग्युलेशन २०२३/१२३० हे २० जानेवारी २०२७ पासून जुन्या २००६ च्या डायरेक्टिव्हच्या जागी लागू होतंय. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टातलं १.१.९ वाचा. मशीनला दुसरं काहीही जोडलं, थेट किंवा लांबून, तरी त्यातून धोका होता कामा नये. म्हणजे जबाबदारी बनवणाऱ्याची. मामांनी हात कुठे घातला हा प्रश्न तिथे पहिला येतच नाही. मी ते पान छापून दादाच्या टेबलावर ठेवलंय.

तयारी म्हणाल तर आधी प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड द्या. राउटरला चावीचा स्विच लावा, गिऱ्हाइकानं चावी फिरवल्याशिवाय बाहेरून कुणी आत येता कामा नये. दार आणि इमर्जन्सी बटण सेफ्टी रिलेवरच घ्या. मशीन विकल्यानंतर सेफ्टीचं सॉफ्टवेअर कधी बदललं, कुठली आवृत्ती टाकली, त्याची नोंद टाकल्यापासून पाच वर्षं मिळाली पाहिजे. रिस्क असेसमेंट डिझाइनच्या वेळीच करा, मशीन पेटीत भरताना नव्हे.

सायबर रेझिलिअन्स ॲक्ट, म्हणजे सॉफ्टवेअर असलेल्या, जोडता येणाऱ्या मालाच्या सायबर सुरक्षेचा युरोपचा कायदा, वेगळा आहे. तो ११ डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू. पण हल्ल्यात वापरली जात असलेली त्रुटी कळली की २४ तासांत पहिली सूचना द्यायची, हे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासूनच आहे. तुमच्याकडे ही सूचना कोण देणार ते आत्ताच ठरवा.

हे सगळं एसपीएमवाल्याच्या अनुभवातून लिहिलंय. नुसतं कास्टिंग पाठवत असाल तर हे मशिनरी नियम तुम्हाला लागू नाहीत. रेग्युलेशनच्या पहिल्या परिशिष्टाच्या अ भागातलं मशीन असेल तर मात्र स्वतःच्या सहीनं भागत नाही, नोटिफाइड बॉडी, म्हणजे युरोपात मान्यता असलेली तपासणी संस्था, लागते. ऑर्डर घेण्याआधी ती यादी बघून घ्या.