वाचकांचे प्रश्न : जुन्या छोट्या गाडीचा सायलेन्सर बदलताना

प्रश्न : माझ्याकडे 2002 सालची पेट्रोल मारुती झेन आहे. नोंदणीचे नूतनीकरण झाले असून इंजिन ठणठणीत आहे; मात्र मागचा सायलेन्सर सडला आहे आणि त्यावर एकदा वेल्डिंग मारूनही तो पुन्हा फुटला. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की, बदलायचाच आहे तर हेडर (प्रत्येक सिलिंडरातला धूर वेगळ्या नळीने बाहेर नेणारा नळ्यांचा जोड) आणि दोन इंची नळी टाकून ‘फ्री-फ्लो’, म्हणजे कमी अडथळ्याचा, एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा मार्ग) बसवावा, म्हणजे पिकअप वाढेल. त्याचा खर्च मूळ सायलेन्सरच्या कितीतरी पट आहे. तो करावा का? आणि स्टेनलेस स्टीलचा आग्रह धरावा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पिकअपसाठी हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या झेनचे 993 सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन नवे असताना सुमारे 60 अश्वशक्ती देत होते. एवढ्याशा इंजिनाची एक्झॉस्टमध्ये अडलेली ताकद मुळातच थोडी असते आणि ती मोकळी झाली तरी तिचा लाभ बहुतांशी वरच्या फेऱ्यांना मिळतो. आंबा घाट चढताना तुम्हाला हवी असते ती मिनिटाला 2000 ते 3500 फेऱ्यांमधली ओढ, आणि जास्त रुंद नळीने नेमकी तीच कमी होण्याचा संभव असतो.

याचे कारण असे की, इंजिनातून जळालेला वायू नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असेल, तर असे 100 धक्के दर सेकंदाला नळीत शिरतात. वेगाने पुढे गेलेला प्रत्येक धक्का आपल्या मागे थोडा कमी दाब सोडतो आणि त्या दाबामुळे पुढच्या सिलिंडरातला वायू ओढून घ्यायला मदत होते. दीड इंची नळीच्या जागी दोन इंची नळी आली की आतले क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन पट होते, वायूचा वेग उतरतो आणि ही ओढ ढिली पडते. ‘इंजिनाला बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा उलट दाब) लागतेच’ असे जे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येते, त्याचा उगम बहुधा या अनुभवात असावा. पण ते विधान बरोबर नाही. उलट दाब इंजिनाच्या काहीच उपयोगाचा नसतो. उपयोग होतो तो वायूच्या वेगाचा.

हेडरचा मोह आवरत नसेल, तर निदान चार नळ्यांच्या दोन आणि दोनाची एक होणारी रचना घ्यावी. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असल्याने पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या नळ्या एकत्र, तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या एकत्र जोडल्या की प्रत्येक जोडीत धक्के समान अंतराने येतात आणि मधल्या फेऱ्यांना त्याचा थोडा फायदा होतो. तुमच्या एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सरची, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाची, जागा मात्र कटाक्षाने सांभाळावी लागेल. हाताने बनवलेल्या हेडरमध्ये तो फार मागे ढकलला गेला, तर उशिरा तापतो आणि तोवर पेट्रोलचे प्रमाण अंदाजानेच ठरत राहते.

खरी सुधारणा आहे ती सगळी गळती काढून मूळ मापाचा सायलेन्सर नीट बसवण्यात. मॅनिफोल्डचे (सर्व सिलिंडरांतला धूर एकत्र आणणाऱ्या, इंजिनाला जोडलेल्या भागाचे) गॅस्केट, म्हणजे जोडातली पट्टी, फुंकत असेल, तर दोन धक्क्यांच्या मधल्या कमी दाबामुळे बाहेरची हवा तिथून आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, इंजिनाचा कॉम्प्युटर मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे समजून ते वाढवतो आणि मालक मायलेज घसरल्याची तक्रार घेऊन प्लग बदलत बसतो. शिवाय जुन्या सायलेन्सरच्या आतले पत्रे सुटून वाट अडवत असतील, तर ते निघाल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. फ्री-फ्लो बसवून खूश झालेल्या पुष्कळ मालकांना आनंद झालेला असतो तो अडथळा गेल्याचा, असा माझा तर्क आहे.

तेव्हा सायलेन्सर मागवण्याआधी सकाळी इंजिन थंड असताना गाडी चालू करावी, मागच्या नळीचे तोंड जाड ओल्या फडक्याने काही क्षण दाबून धरायला सांगावे आणि आपण बॉनेट उघडून कान द्यावा. जिथे फस्स आवाज येईल तिथे गळती आहे. मॅनिफोल्डजवळ काळ्या काजळीची रेघ दिसली, तर तीही पुरेशी खूण समजावी. हे मोकळ्या जागेत करावे, बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये.

मॅनिफोल्डचे नट खोलण्याचे काम घाईच्या मेकॅनिककडे देऊ नये. वीस वर्षांच्या उष्णतेने आणि कोकणातल्या खाऱ्या हवेने हे नट गंजून स्टडला (नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांडीला) चिकटलेले असतात, तर स्टड ज्यात बसवलेले असतात ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. पाना जोरात फिरवला की स्टड हेडच्या पृष्ठभागाशी मोडतो आणि मग ड्रिल मारून आटे नव्याने पाडण्याची पाळी येते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि सकाळी नट किंचित पुढे-मागे करत सोडवावा. गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल, तर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायला सांगावे. सायलेन्सर ज्यांवर लटकतो ती रबरे नवीच घालावीत, कारण एक रबर तुटले की सगळा भार पुढच्या जोडावर येतो आणि नवीन गॅस्केटही फुटते.

स्टेनलेसबाबत मात्र तुमच्या गावी माझे उत्तर होकारार्थी आहे. 304 दर्जाचे स्टेनलेस साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकते. ते तापल्यावर जास्त पसरते, एवढे लक्षात घेऊन जोड आणि रबरे यांना हालायला जागा ठेवावी लागते. ते महाग वाटले, तर ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या पोलादाचा सायलेन्सर हा चांगला मधला मार्ग आहे. नळीचे तोंड बंपरच्या बाहेर येईल याची खात्री करावी, कारण चालत्या गाडीच्या मागे दाब कमी असतो आणि आखूड नळीतला धूर डिकीच्या सैल रबरातून आत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : माझ्या 2008 सालच्या सॅन्ट्रोचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) चोक झाला आहे, असे सांगून मेकॅनिकने तो काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला दिला आहे. जुन्या गाडीला कोण विचारतो, असेही तो म्हणतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : विचारले जाते. तुमची गाडी बीएस-3 (भारत स्टेज 3 या प्रदूषण मानकाच्या) वर्गातली असल्याने पीयूसी चाचणीत आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्क्यांच्या आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) आत यावे लागते, तर बीएस-2 पूर्वीच्या गाड्यांना हीच मर्यादा 3 टक्के आणि 1500 पीपीएम इतकी सैल आहे. कन्व्हर्टर काढल्यावर ही मर्यादा प्रामाणिकपणे गाठणे फार अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषण यांच्या मानकांचा भंग झाल्यास कलम 190 अन्वये पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. पोलीस जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात ते बहुतेक मोटारसायकलींचे सायलेन्सर, पण कायदा चारचाकीलाही लागू आहे.

मुळात तो चोक आहे का, हे आधी तपासावे. ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी दाबमापक लावावा. 2500 फेऱ्यांना दाब 3 पीएसआयच्या (दाबमापकावरचे एकक) वर जात असेल, तर पुढे वाट अडलेली आहे. गार कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आत खडखडले, तर आतली धूर शुद्ध करणारी जाळी तुटली आहे. तसे आढळले तरी नवा कन्व्हर्टर लगेच लावू नये. ठिणगी चुकणाऱ्या प्लगमुळे न जळलेले पेट्रोल आत जाऊन जळते आणि जाळी वितळते, तसेच इंजिन ऑइल पीत असेल तर तिच्यावर थर बसतो. हे दोष राहिले, तर नव्याचीही तीच गत होईल. आणि जुना कन्व्हर्टर मेकॅनिककडे फुकट सोडू नये: त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, आणि भंगारवाल्याला त्याची किंमत चांगली ठाऊक असते.

प्रश्न : थंडीत सकाळी आमच्या मारुती 800 च्या सायलेन्सरमधून पाणी टपकते. हा दोष आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी तयार होते आणि ते थंड पत्र्यावर साचते. रोज एक-दोन किलोमीटरच गाडी चालत असेल, तर मात्र ते सुकत नाही आणि सायलेन्सर आतून सडतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग फेरी मारावी. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.