संकष्टीचा चंद्र दिब्रुगडला लवकर का उगवतो?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं माहेर-सासर दोन्ही नाशिकचं, घर पंचवटीत, पण मिस्टरांची बदली झाली आणि जूनपासून आम्ही आसामात दिब्रुगडला आलोय. देश तोच, घड्याळ तेच, तरी दिवसाचं गणित काही केल्या बसत नाहीये. आलो तेव्हा पहाटे साडेचारला खिडकीतून ऊन यायचं, मुलगी उठून बसायची, आणि आता डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार. सासूबाई दिवाबत्ती, हरिपाठ आटपून साडेसातला फोन करतात तेव्हा मुलगी पेंगत असते, मग त्यांना वाईट वाटतं. इथल्या चहाच्या बागेतल्या एका बाईदेउंनी (इकडे ताईला तसं म्हणतात) दहाला या म्हणून बोलावलं, मी बरोब्बर दहाला पोचले तर सगळ्यांचं खाणंपिणं उरकलेलं, त्यांचं घड्याळ म्हणे एक तास पुढे! आणि खरा प्रश्न संकष्टीचा. कॅलेंडरात चंद्रोदय साडेनवाच्या आसपास होता, इथे आठलाच चंद्र झाडांवर आलेला. सासूबाई म्हणतात कॅलेंडरातली वेळ होईपर्यंत थांब. उपास सोडायचा कधी?

उत्तर : तुमच्या अंगणातून चंद्र दिसला की अर्घ्य द्या, नैवेद्य दाखवा आणि जेवा. चंद्रोदय हा ज्या त्या गावचा असतो. आपल्या मराठी कॅलेंडरात मुख्यतः मुंबईची वेळ छापलेली असते, नाशिक मुंबईपासून जवळ, तीन-चार मिनिटांचाच फरक, म्हणून आपल्याला कधी जाणवतच नाही की ती वेळ दुसऱ्या गावची आहे. दिब्रुगड मात्र नाशिकच्या पूर्वेला तब्बल २१ अंशांवर आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे झाली ८४ मिनिटं. तुमचे आठ आणि सासूबाईंचे साडेनऊ, दोन्ही बरोबर आहेत. एक मात्र करा, तिकडच्या गावासाठी काढलेलं पंचांग बघत जा, कारण चंद्रोदयाला चतुर्थी असावी लागते आणि एवढ्या फरकाने क्वचित संकष्टीचा दिवसच बदलू शकतो.

आता सूर्याचं. आपली भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावर बेतलेली आहे तो ८२.५ अंशांचा, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. नाशिक त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला सरासरी साडेबारा उलटून जातात, आणि दिब्रुगडला मात्र सरासरी अकरा वाजून दहा मिनिटांनीच खरी मध्यान्ह होते. त्यात दिब्रुगड आपल्यापेक्षा बरंच उत्तरेलाही आहे, तिथला हिवाळ्याचा दिवस आपल्याहून लहान आणि उन्हाळ्याचा मोठा. त्यामुळे फरक वर्षभर सारखा राहत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, तुमच्याकडे सहाच्या जरा आधी उगवून चार वीसला मावळतो. म्हणजे सकाळी तासाभराचा फरक आणि संध्याकाळी पावणेदोन तासांचा, जूनमध्ये नेमकं उलटं. तुम्हाला पहाट आणि संध्याकाळ दोन्ही अंगावर आल्यासारख्या वाटतात त्या यामुळेच.

माझा भाऊ नोकरीसाठी तीन वर्षं तिकडे होता, मी डिसेंबरात त्याच्याकडे गेले होते तेव्हाचं अजून डोळ्यासमोर आहे. साडेतीनला ब्रह्मपुत्रेच्या बांधावर फिरायला गेलो, ऊन आपल्याकडच्या साडेपाचसारखं तिरपं आणि पिवळं, हातातला लाल साह, म्हणजे बिनदुधाचा चहा, संपेपर्यंत नदीचं दुसरं टोक दिसेनासं झालं. घरी येऊन घड्याळ बघितलं तर पाचही वाजले नव्हते. त्याच वेळी आईला फोन लावला तर ती म्हणाली, अगं आत्ताशी दुपारचा चहा टाकलाय, गच्चीवर वाळवण अजून उन्हात आहे. सकाळी उलटा प्रकार, रविवारी आपली नाशिककर मंडळी आठला स्वेटर घालून मिसळीला निघतात, तिकडे तोवर दोन तासांचं ऊन झालेलं आणि लोकांचं दोई-सिरा खाऊन झालेलं. ते म्हणजे आपले दही-पोहेच, गूळ घालून, मुलीला नक्की आवडतील.

बागेतलं घड्याळ हा तिकडचा जुना आणि मला फार शहाणपणाचा वाटणारा मार्ग आहे. त्याला बागान टाइम म्हणतात, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे, इंग्रज मळेवाल्यांच्या काळापासून चालत आलेला, म्हणजे पानं खुडणाऱ्यांना उजेड पूर्ण वापरता येतो. बाईदेउंचे दहा म्हणजे तुमचे नऊ. पुढच्या वेळी बोलावलं की सरळ विचारा, बागान टाइम का?

घरातही तसंच करा. हिवाळ्यात रात्रीचं जेवण साडेसहा-सातला, मुलगी आठला झोपलेली, उन्हाळ्यात तिच्या खोलीला जाड पडदे. नाशिकचं वेळापत्रक तिच्यावर लादू नका, ती सूर्याबरोबर उठतेय, त्यात तिचं काहीच चुकत नाहीये. आणि सासूबाईंचा साडेसातचा फोन बदला. साडेचारला तुमच्याकडे दिवा लागला की मुलीलाच फोन लावू द्या, आज्जी तेव्हा वामकुक्षी करून चहा घेत असतील, दोघींनाही निवांत बोलता येईल.

प्रश्न : मग ईशान्य भारताला वेगळी वेळ का देत नाहीत? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : मागणी बरीच जुनी आहे. देशात एक वेळ आली ती १ जानेवारी १९०६ ला, आणि गंमत बघा, तेव्हा नाराजी आपल्या बाजूलाही होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असणारा मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकून होता. वेगळ्या वेळेसाठीची याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळली. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशात दोन प्रमाणवेळा ठेवता येतील असं मांडलं, आणि रेल्वेचा घोळ टाळायला त्या दोन वेळांमधली हद्द बंगाल-आसामच्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवावी, तिथे न्यू कूचबिहार आणि अलिपूरदुआर या दोनच स्टेशनांवर गाड्यांच्या वेळा बदलाव्या लागतील, असंही सुचवलं. माझं मत विचाराल तर हे व्हायला हवं. ज्या शाळेत मुलं उन्हाळ्यात उजेड होऊन तीन-चार तास झाल्यावर पहिल्या तासाला बसतात आणि हिवाळ्यात घरी येईपर्यंत खेळायला उजेडच उरत नाही, त्या मुलांचा विचार रेल्वेच्या वेळापत्रकाआधी व्हावा.