वाचकांचे प्रश्न : प्लेटिंगची टाकी, संगणकातली आणि शेडमधली

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे तांब्याच्या प्लेटिंगचे छोटे युनिट आहे. सांगलीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या मुलाने आमच्या चाचणीच्या टाकीचे प्रतिरूप संगणकावर तयार केले. दोन्ही प्लेटा 10 सेंमी लांब-रुंद, मधले अंतरही 10 सेंमी, द्रावणाची वाहकता मीटरला 20 सीमेन्स. अ‍ॅनोडला 2 व्होल्ट व कॅथोडला शून्य दिल्यावर सॉफ्टवेअर 5.2 अँपिअर दाखवते. टाकीवर तेवढ्याच व्होल्टला काटा 3 वर थांबतो. शिवाय मेश (गणितासाठी टाकीचे पाडलेले लहान तुकडे) बारीक करावी तशी प्लेटच्या कडेची प्रवाहघनता, म्हणजे दर चौरस मीटरमागचा प्रवाह, वाढतच जाते. चूक कोणाची?
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : सॉफ्टवेअरने त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले आहे, तो प्रश्न मात्र आपल्या टाकीचा नव्हता. दोन्ही प्लेटांना ठरावीक विभव देऊन चिरंजीवांनी सगळेच्या सगळे 2 व्होल्ट द्रावणाच्या पदरात टाकले. प्रत्यक्षात धातूच्या पृष्ठभागावर अभिक्रिया घडवून आणण्यासाठी विभवाचा काही भाग खर्ची पडतो, त्याला अतिविभव म्हणतात, आणि काही भाग हुक व दांडी यांच्या सांध्यात जातो. 2 व्होल्टला 5.2 अँपिअर म्हणजे द्रावणाचा रोध सुमारे 0.385 ओहम; त्यातून 3 अँपिअर गेले तर द्रावणात साधारण 1.15 व्होल्टच लागतात. उरलेले 0.85 व्होल्ट कुठे जातात, ते मल्टिमीटरची एक पिन दांडीवर आणि दुसरी थेट प्लेटवर टेकवून पाहावे. हुकावर हिरवट थर चढलेला असेल, तर उत्तराचा बराचसा भाग तिथेच सापडेल. तांब्याच्या प्लेटच्या आतील विभवाचे गणित मांडण्याची मात्र गरज नाही, कारण तांब्याची वाहकता आपल्या द्रावणाच्या जवळजवळ 30 लाख पट आहे.

कडेची गोष्ट अधिक रंजक आहे. अतिविभव वगळून केलेल्या मांडणीला प्राथमिक प्रवाहवितरण म्हणतात, आणि तिच्यात पातळ प्लेटच्या कडेवरील प्रवाहघनता गणितानेच अनंत होते : कडेपासूनचे अंतर चौथाई केले की ती दुप्पट. मेश बारीक करणे म्हणजे त्या अनंताच्या आणखी जवळ जाणे, म्हणून आकडा कधीच स्थिरावत नाही. एकूण प्रवाह मात्र स्थिरावतो. तेव्हा मेश तपासायची असेल तर कडेच्या आकड्यावर नव्हे, एकूण अँपिअरवर तपासावी.

यावरचा उपाय म्हणजे पृष्ठभागावर ठरावीक विभवाऐवजी, प्रवाहघनता आणि अतिविभव यांचे नाते सांगणाऱ्या बटलर-व्होल्मर समीकरणाची अट घालणे. यालाच द्वितीयक वितरण म्हणतात. प्रवाह वाढला की अतिविभवही वाढते, त्यामुळे कडेकडे धावणारा प्रवाह आपोआप रोखला जातो. तांब्याचा थर बसण्याच्या क्रियेसाठी स्थानांतर गुणांक (अतिविभवाचा किती वाटा अभिक्रियेला वेग देतो, तो आकडा) 0.5 धरल्यास, चौरस मीटरला 300 अँपिअर या घनतेवर आणि आपल्या वाहकतेवर, अतिविभव कडेचा प्रवाह ज्या अंतरात पसरवू शकते, ते अंतर सुमारे साडेतीन मिलिमीटर येते. म्हणजे कडेजवळ अर्ध्या मिलिमीटरची मेश पुरे. त्याहून बारीक करून संगणक रात्रभर चालू ठेवण्यात अर्थ नाही. हेच अंतर 10 सेंमीच्या प्लेटपुढे फार लहान असल्यामुळे कडेवर तांब्याचा थर जाड बसणारच, हे आपले कारागीर कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय जाणतात आणि म्हणूनच कडेशी आडोसा लावतात किंवा प्रवाह चोरणारी तार बांधतात. तो आडोसा प्रतिरूपात रोधक भिंत म्हणून घालून, किती रुंद हवा हे पाहणे, हा या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग. एल्मर किंवा फेनिक्स या मोफत प्रणालींतही हे करता येते.

हे सगळे करण्याआधी अ‍ॅमीटर बरोबर आहे ना, तेही पाहावे. कोरडी प्लेट तोलून 3 अँपिअरवर 20 मिनिटे टाकीत ठेवावी, धुऊन, वाळवून पुन्हा तोलावी. आम्लयुक्त कॉपर सल्फेटच्या द्रावणात फॅरेडेच्या नियमानुसार वजन सुमारे 1.19 ग्रॅमने वाढायला हवे. वाढ बरीच कमी भरली, तर आधी मीटर तपासून घ्यावा आणि मगच मुलाच्या गणिताकडे वळावे.