जाळी न वापरता अंग बाहेर येण्यावर शस्त्रक्रिया केल्यास त्रास पूर्णपणे जातो का?

आपल्या ६१ वर्षांच्या आईंना अंग बाहेर येण्याचा (गर्भाशय, मूत्राशय असे अवयव योनीत खाली उतरण्याचा) त्रास आहे, डॉक्टरांनी जाळी (आधारासाठी आत बसवायचा कृत्रिम जाळीदार तुकडा) न बसवता टाके घालून शस्त्रक्रिया सुचवली आहे, आणि त्यानंतर सगळा त्रास जाईल का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. मात्र तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ५८ व्या वर्षी, हीच शस्त्रक्रिया माझ्यावर झाली.

खाली काहीतरी ओघळत असल्याची, संध्याकाळपर्यंत असह्य होणारी ओढ पहिल्या महिन्यातच गेली. त्याआधी लघवी पूर्ण होण्यासाठी मला बोटाने तो भाग आत ढकलावा लागत असे. ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितली नव्हती, आणि बहुतेक बायका सांगत नाहीत, म्हणून आईंना ती एकांतात अवश्य विचारावी. तेही थांबले. कंबरदुखी मात्र तशीच राहिली, कारण ती मुळात मणक्याची होती, आणि बद्धकोष्ठता थोडीच कमी झाली.

एक गोष्ट मला आधी नीट समजली नव्हती. खाली उतरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्ग दुमडलेला असेल, तर तो सरळ झाल्यावर खोकताना किंवा शिंकताना लघवी गळू लागू शकते. म्हणजे झाकलेली गळती उघडी पडते. ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामाने माझी गळती बरीच आटोक्यात आली, तरी आईंची याबाबत आधी तपासणी करून घ्यावी. योनीचा वरचा भाग कटीतील अस्थिबंधाला (हाडांना जोडणाऱ्या मजबूत पट्ट्याला) टाक्यांनी बांधल्यामुळे उजव्या कुल्ल्यात काही आठवडे ठणका होता. तो आपोआप गेला. सहा आठवडे पाण्याची कळशी, मोठा कुकर किंवा नातवंड उचलायचे नाही, हे घरातल्यांनाच अधिक बजावावे लागते.

जाळी नाही म्हणून काम कच्चे, असे समजू नये. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत (२०१७) योनीच्या भिंतींच्या पहिल्याच दुरुस्तीत जाळी घातल्याने स्त्रियांचा त्रास अधिक कमी झाला नाही, उलट जाळी उघडी पडण्यासारखे प्रश्न उद्भवले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या कामासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री थांबवली. टाक्यांनाही मर्यादा आहेत. अशा दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात पाच वर्षांनी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया कडक निकषांवर अयशस्वी ठरल्या आणि दहापैकी सुमारे चौघींना खाली उतरलेला फुगवटा पुन्हा जाणवू लागला; तरीही एकंदर त्रास शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा कमीच राहिला होता.

त्यामुळे डॉक्टरांना "बरे वाटेल का?" असे मोघम विचारण्याऐवजी आईंना खुपणाऱ्या तक्रारी एका कागदावर लिहून न्या आणि त्यातली कोणती जाईल, कोणती राहू शकेल, हे एकेक करून विचारा. माझ्या कागदावर पाच होत्या, तीन गेल्या.