रोटरीचा परदेशी विद्यार्थी घरी ठेवावा का?

ठाण्यात टू बीएचके, घरात सोळा वर्षांची मुलगी, आणि रोटरी क्लबने त्यांच्या विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातल्या परदेशी विद्यार्थिनीला काही महिने ठेवाल का असं विचारलंय, तर माझं उत्तर अगदी मनापासून हो.

वेगळी खोली लागत नाही. स्वतंत्र पलंग हवा. साधारण त्याच वयाच्या तुमच्या मुलीबरोबर ती खोली वाटून घेऊ शकते. यजमानांना पैसे मिळत नाहीत, विद्यार्थिनीला दरमहा थोडा हातखर्च क्लब देतो. आधी घर बघायला माणसं येतात, घरातल्या सगळ्या मोठ्यांची चौकशी होते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उद्या आपलीच मुलगी परक्या देशात जाईल तेव्हा हेच हवं असतं. वर्षभरात ती बहुधा एकाहून अधिक घरांत राहते, शिवाय क्लबचा एक समुपदेशक तिच्यासाठी असतो.

तिला पाहुणी करू नका. आमच्याकडची ब्राझीलची मुलगी पहिले काही दिवस नुसती अवघडून बसायची. सासूबाईंनी एकदा मोदकाची पारी तिच्या हातात दिली, कळ्या कशा पाडायच्या ते दाखवलं, आणि त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात हक्काने वावरायला लागली. क्लबच्या रक्तदान शिबिराला, पोलिओच्या बूथवर, पाडव्याला कोपिनेश्वराच्या स्वागतयात्रेला तिला जरूर न्या.

स्कूटरची चावी मात्र देऊ नका, विद्यार्थ्यांनी गाडी चालवायची नाही असा रोटरीचा नियमच आहे. आणि ती घरी आली की चोवीस तासांत परदेशी व्यक्ती घरी राहायला आल्याचं सरकारला कळवणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा असतो. तो कोण भरणार हे क्लबला आधीच विचारून ठेवा.